कृति आणि विषाद

पुणें-मुंबई रस्त्यानें जातांना आकुर्डी मागें पडली कीं निगडी येते. इ. स. १९७२ मध्यें पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें आणि कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांसाठीं या भागांत आंखीव रस्त्यांच्या पेठा वसूं लागल्या. प्राधिकरण २०२१ मध्यें बरखास्त झालें, परंतु लोक त्या वस्तीला अद्याप 'प्राधिकरण' असेंच म्हणतात. याच निगडींत 'भक्ति-शक्ति' या नांवाचें शिल्प आहे. शिवाजी महाराज व तुकाराम महाराज यांची भेट त्यांत दाखविली आहे, आणि आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी देहूहून येतांना त्याच्याजवळून पुढें आकुर्डीच्या मुक्कामास जाते. त्या भेटीला समकालीन कागदाचा आधार किती, हा प्रश्न इतिहासाच्या पंडितांकडे सोंपवावा. प्रस्तुत विषयाला तुकोबांच्या चरित्रांतील त्याहून बरींच आधींचीं दोन-चार वर्षें अधिक उपयोगाचीं आहेत.

देहूचें मोरे घराणें वाणसौद्याचा धंदा करणारें, खाऊनपिऊन सुखी असें होतें. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असतांना आईबाप गेले. थोरले बंधु सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. कर्तेपणाचा भार अशा रीतीनें अवेळीं खांद्यावर आला, आणि तो सांवरतो न सांवरतो तोंच इ. स. १६२९ च्या सुमारास दक्षिणेंतला तो भयंकर दुष्काळ सुरू झाला. गुरें गेलीं, धान्य गेलें, बाजार बसला. पहिली पत्नी रखमाई अन्नावांचून मेली. लहानगा मुलगाहि गेला. धंद्यांत तूट आली आणि गांवांत पत उरली नाहीं. बावीस-तेवीस वर्षांच्या मनुष्यावर एवढें सर्व एकामागून एक कोसळल्यावर त्याचें मन कोणत्या अवस्थेस गेलें असेल, हें सांगण्यास मानसशास्त्रज्ञ नको.

पुढें संतसज्जनांनीं विचारल्यावरून तुकोबांनीं आपली हकीकत एका अभंगांत सांगितली आहे. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. दुःख, लाज आणि तोटा सांगून झाल्यावर ते एकदम तत्त्वज्ञानाकडे वळत नाहींत. गांवांतील देवाचें देऊळ मोडकळीस आलें होतें, तें नीट करावें असें मनांत आलें, ही त्यांची पुढची गोष्ट. मग एकादशीस कीर्तन करूं लागले. आणि येथें ते एक विलक्षण प्रामाणिक कबुली देतात कीं, आरंभीं त्या अभ्यासांत लक्ष लागत नव्हतें. तरीहि त्यांनीं संतांचीं कांहीं वचनें पाठ केलीं. जे पुढें उभे राहून गात, त्यांच्या मागें ध्रुपद धरलें. लाज मनांत येऊं दिली नाहीं. अंग झिजवून जमेल तेवढा परोपकार केला. मन प्रथम प्रसन्न झालें आणि मग कामास हात लागला, असा हा क्रम नाहीं. मातीचा गारा कालविणारे हात आधीं चालूं लागले आणि मन त्यांच्या मागून, पुष्कळ मागून आलें.

इ. स. १७६२ मध्यें महीपतींनीं 'भक्तविजय' पुरा केला, तोंपर्यंत या कथेभोंवतीं चमत्कारांचें दाट रान वाढलें होतें. तुकोबा चाकणच्या बाजूस असलेल्या भामचंद्राच्या डोंगरावर एकांतांत जाऊन बसत, ही परंपराहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु डोंगरावरचा एकांत आणि घराच्या कोंपऱ्यांतलें कोंडून घेणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यांत मनुष्य कांहीं तरी करण्यास जातो. दुसऱ्यांत कांहीं करावयाचें टळावें म्हणून बसतो. अर्थात् एवढ्यावरून संताला रोगी ठरविण्याचा उद्योग कोणी करूं नये. शोक हा रोग नव्हे, आणि चारशें वर्षांमागील मनुष्याची नाडी आज कोणास पाहतां येत नाहीं. मात्र त्या अभंगांतील क्रम आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सिद्ध झालेली एक उपचारपद्धति यांत इतकें साम्य आहे कीं तें नजरेआड करणें कठीण. त्या पद्धतीला इंग्रजींत 'बिहेव्हिअरल अॅक्टिव्हेशन' म्हणतात. मराठींत तिला 'कृतिप्रवर्तन' म्हणतां येईल.

विषादाच्या रोगाबद्दल, ज्याला हल्लीं सर्वजण डिप्रेशन म्हणतात त्याबद्दल, सामान्य समजूत अशी कीं मन खचलें म्हणून मनुष्य काम सोडतो. सबब प्रथम मन उभारावें, म्हणजे काम आपोआप सुरू होईल. १९७३ मध्यें चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें ही गोष्ट दुसऱ्या टोंकाकडून पाहिली. खचलेला मनुष्य काय करतो, काय करीत नाहीं, आणि जें करतो तें कशासाठीं करतो, याकडे त्यानें लक्ष वेधलें. त्याला असें दिसलें कीं अशा माणसाच्या पुष्कळशा हालचाली कांहीं मिळविण्यासाठीं नसून कांहीं टाळण्यासाठीं असतात. दार लावून घेतलें कीं शेजाऱ्याचे प्रश्न टळतात. अंथरुणांत पडून राहिलें कीं कचेरीचें तोंड पाहावें लागत नाहीं. त्या क्षणीं बरें वाटतें. त्या बरें वाटण्यामुळेंच टाळण्याची संवय बळावते, आणि आयुष्य बोटाबोटानें आखडत जातें.

त्याच सुमारास ऑरेगन विद्यापीठांत पीटर लेविनसन यांनीं दुसरी बाजू मांडली. मनुष्याचा उत्साह हा त्याच्या कृतीला जगाकडून जें उत्तर मिळतें त्यावर पोसला जातो. तें उत्तर येईनासें झालें कीं कृति मंदावते, आणि कृति मंदावली कीं उत्तर आणखी कमी येतें. निगडी-आकुर्डीच्या बाजूस याचें उदाहरण शोधावयास लांब जावें लागत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें पाळीच्या तालावर जगलेला कारागीर निवृत्त होतो. पेन्शन वा फंड हातीं असतो, मुलें मार्गास लागलेलीं असतात; तरीहि वर्ष-सहा महिन्यांत तो गप्प होत जातो आणि घरच्यांना कारण उमगत नाहीं. त्याचें गेलें तें नुसतें काम नव्हे. वेळेवर उठण्याचें निमित्त गेलें, बसच्या रांगेंतले बोलणें गेलें, सुटा भाग मापांत बसल्याचें तें रोजचें लहानसें समाधान गेलें. दिवसाकाठीं अशीं शंभर उत्तरें मिळत होतीं, तीं एका तारखेस बंद पडलीं. लेविनसन आणि त्यांचे सहकारी यांनीं तर मनुष्यास सुख देणाऱ्या ३२० बारीकसारीक गोष्टींची यादीच तयार केली आणि कोणत्या गोष्टी कोणाच्या दिवसांतून नाहींशा झाल्या आहेत हें तिच्या साहाय्यानें मोजूं लागले. याद्या करण्याचा अमेरिकन हव्यास एरवीं हंसूं आणतो. या ठिकाणीं तो कामास आला.

याच काळांत फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक यांची विचारांवर भर देणारी उपचारपद्धति पुढें आली. रोगी स्वतःविषयीं जे काळे विचार करतो ते पुराव्यानें तपासावयास शिकविणें, हा तिचा गाभा. तिच्यांत दिवसाचीं कामें ठरवून करण्याचा भागहि होता, पण तो पायरीसारखा. खरें देऊळ विचारांचें. १९९६ मध्यें सिॲटल येथें नील जेकबसन यांनीं एक साधा पण धारदार प्रश्न विचारला: नुसती पायरीच पुरी पडत असली तर? त्यांनीं सुमारें १५० रुग्णांचे तीन गट केले. एकास केवळ कृतीचा भाग दिला, दुसऱ्यास त्याबरोबर थोडा विचारांचा, आणि तिसऱ्यास संपूर्ण उपचार. शेवटीं तिन्ही गटांत फरक आढळला नाहीं. दोन वर्षांनीं पाहिलें तरीहि नाहीं. जेकबसन १९९९ मध्यें अकालीं वारले. त्यांच्यामागें सोना डिमिजियन आदि सहकाऱ्यांनीं २४१ रुग्णांवरील मोठी चांचणी पुरी करून २००६ मध्यें प्रसिद्ध केली. तींत आजार तीव्र असलेल्या रुग्णांच्या बाबतींत कृतिप्रवर्तन हें औषधाच्या बरोबरीनें उतरलें आणि विचारपद्धतीहून सरस ठरलें.

येथें आपल्या घराघरांतील एका संवयीविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. हें सर्व ऐकून पुष्कळ वडील मंडळी म्हणतील, "यांत नवीन तें काय? आम्ही पोरांना हेंच सांगत आलों, हातपाय हालव, कामाला लाग, सगळें ठीक होईल." वस्तुतः हें तें नव्हे. 'कामाला लाग' हें वाक्य रुग्णाच्या कानीं आरोप होऊन पडतें: तूं आळशी आहेस. तो बिचारा एक दिवस उसनें अवसान आणून सगळें घर झाडावयास घेतो, अर्ध्यावर गळून बसतो, आणि आपण कुचकामी असल्याचा आणखी एक पुरावा त्याच्या पदरांत पडतो. उपचारांत रुग्णाला कामाचा डोंगर दाखवीत नाहींत. प्रथम आठवडाभर नुसती नोंद: कोणत्या वेळीं काय केलें आणि तेव्हां मन कसें होतें. त्या नोंदींत एखादी फट दिसते. चार वाजतां गच्चीवर कपडे वाळत घालतांना जीव किंचित् हलका होता, एवढीशी. मग त्या फटीशीं धरून, रुग्णाच्या स्वतःच्या आवडीनिवडीप्रमाणें, अगदीं लहान पाऊल ठरवावयाचें. आणि तें 'वाटलें तर' नव्हे, तर अमुक वारीं अमुक वेळीं. जमलें नाहीं तर दोष न देतां अडचण कोठें आली तें पाहून पाऊल आणखी लहान करावयाचें. दटावणी आणि ही पद्धति यांत, मुलाला पाण्यांत ढकलणें आणि पोहावयास शिकविणें, इतका फरक आहे.

या पद्धतीची हिंदुस्थानांतील खरी कसोटी झाली ती मराठी मुलुखाला लागून असलेल्या गोव्यांत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ मध्यें तेथें 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. त्यांच्यापुढील अडचण सर्व देशाची होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं प्रौढांपैकीं दर वीस जणांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां या रोगानें गांठलें होतें, आणि सर्वसामान्य मनोविकारांनीं पीडित असलेल्या शंभरांपैकीं सुमारें पंचाऐंशी जणांस कसलाहि उपचार मिळत नव्हता. तज्ज्ञ डॉक्टर मुळांत थोडे, आणि जे आहेत ते शहरांत. तेव्हां तज्ज्ञाच्या हातचें काम गांवांतल्या शहाण्या माणसाच्या हातीं देतां येईल काय, हा प्रश्न होता.

पहिला प्रयत्न 'मानस' या नांवानें झाला. मन:शांति सुधार शोध, या शब्दांवरून तें नांव घेतलें होतें. बारा सरकारी आरोग्यकेंद्रें व बारा खासगी दवाखाने यांतून २,७९६ रुग्ण त्यांत घेतले गेले आणि २०१० मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत, निदान पक्कें झालेल्या रुग्णांपैकीं सहा महिन्यांनीं बरे झालेल्यांचें प्रमाण ज्यांना समुपदेशकाचें साहाय्य होतें त्यांत शेंकडा ६५.९ आणि इतरांत ४२.५ भरलें. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाहीं. सरकारी दवाखान्याला नांवें ठेवण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिच्यासाठीं हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

दुसरा प्रयत्न अधिक नेमका होता. त्याचें नांव 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम', आणि त्याचा कणा म्हणजे वर सांगितलेलें कृतिप्रवर्तन. ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या अवधींत गोव्यांतील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून १८ ते ६५ वर्षें वयाचे, रोग बऱ्याच तीव्र पायरीवर असलेले ४९५ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें २४८ जणांस केंद्रांतील डॉक्टरांचे सुधारलेले नेहमींचे उपचार दिले, आणि २४७ जणांस त्याशिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका दिल्या. बैठक तीस-चाळीस मिनिटांची. केंद्रांत किंवा रुग्णाच्या घरीं.

हे समुपदेशक कोण होते? मानसशास्त्राचे पदवीधर नव्हेत. शिक्षणाची किमान अट दहावी उत्तीर्ण होण्याची, म्हणजे जुन्या भाषेंत मॅट्रिक. सुमारें तीन आठवड्यांचें वर्गशिक्षण, मग प्रत्यक्ष कामांतली उमेदवारी, आणि त्यानंतर एक शिस्त जी मोठमोठ्या विद्यालयांनींहि उचलावी: बैठकांचें ध्वनिमुद्रण करून तें सहकाऱ्यांच्या मेळाव्यांत ऐकावयाचें आणि एकमेकांच्या कामाला गुण द्यावयाचे. परीक्षकाची खुर्ची कोणा एकाची नव्हे. आज ज्याची तपासणी, उद्यां तो तपासणारा. चुका अशा रीतीनें उघड्यावर येत आणि तेथेंच दुरुस्त होत.

तीन महिन्यांनीं मोजदाद झाली. समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ रोगाच्या मर्यादेखालीं आले होते. दुसऱ्या गटांत ३९. आत्महत्येचे विचार कमी झाले, आजारामुळें बुडणारे दिवस कमी झाले. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें छापले. वर्षानंतर पाहतां प्रमाण ६३ आणि ४८ असें होतें. अंतर कमी झालें होतें, मिटलें नव्हतें. इंग्लंडांत याच वेळीं झालेल्या ४४० रुग्णांच्या एका चांचणींतहि असेंच दिसलें कीं थोड्या प्रशिक्षणाच्या कार्यकर्त्यांनीं केलेलें कृतिप्रवर्तन हें तज्ज्ञांच्या महागड्या विचारपद्धतीहून उणें ठरत नाहीं. महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत 'विश्राम' या नांवानें मानसिक आरोग्याचा जो उपक्रम चालला, त्यांत खचलेल्या माणसांपैकीं उपचारांपर्यंत पोंचणाऱ्यांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ज्या प्रदेशाचें नांव देशभर झालें, तेथला हा आंकडा आहे.

गोव्याच्या केंद्रांत आलेल्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, आणि येथें एक शंका उभी राहते. पहांटेपासून रात्रींपर्यंत चुलीशीं, पाण्याशीं, मुलांशीं झगडणाऱ्या बाईस 'कांहीं तरी करीत जा' असें सांगणें म्हणजे क्रूर थट्टा नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु पद्धतीचा रोंख कामाच्या बेरजेवर नसून कामाकडून परत काय येतें त्यावर आहे. दिवसभर राबूनहि जिला एक शब्द परत मिळत नाहीं, तिचा दिवस कृतीनें भरलेला असूनहि उत्तरांनीं रिकामा असतो. तिच्या वेळापत्रकांत आणखी एक काम घालणें हा उपाय नव्हे. बहिणीकडे जाऊन येणें, भजनी मंडळांत बसणें, सोडून दिलेलें शिवणकाम पुनः हातीं घेणें, किंवा नवऱ्याशीं एखादी अडचण मोकळेपणीं बोलणें, हा उपाय. म्हणूनच त्या बैठकांतून तुटलेल्या नात्यांचे धागे जोडणें आणि व्यवहारांतील अडचणी सोडविणें या गोष्टींनाहि जागा होती, आणि शक्य तेथें घरच्या माणसांनाहि सामील करून घेत.

मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. तीन महिन्यांनीं शंभरांतले छत्तीस बरे झाले नव्हते. कांहींना औषध लागतें, कांहींना रुग्णालय लागतें, आणि जीव देण्याची भाषा कानीं आली तर वहींत नोंदी करीत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें 'टेली-मानस' ही दूरध्वनीची सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू केली आहे, तिचाहि उपयोग करावा. डिप्रेशन हें शिकलेल्यांचें फॅड आहे असें म्हणणारे गृहस्थ अजून सुशिक्षित घरांतहि आढळतात. गोव्याच्या त्या दहा केंद्रांबाहेरच्या बांकांवर तासभर बसण्याची त्यांनीं तसदी घेतली असती तर बरें झालें असतें.

या चांचणींतील आणि गोव्यांतच खचलेल्या मातांसाठीं झालेल्या दुसऱ्या एका चांचणींतील रुग्णांना चार-पांच वर्षांनीं पुनः गांठण्यांत आलें. दोन्ही मिळून मूळचे ७७५ जण. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्यांना पूर्वीं समुपदेशन मिळालें होतें त्यांच्यांत रोगाचें प्रमाण इतरांपेक्षां शेंकडा ११ अंशांनीं कमी आढळलें. दोहोंपैकीं अधिक गुणकारी ठरलेल्या उपचारानें पांच वर्षांत सरासरी नऊ महिन्यांचा विषाद टळला होता, आणि त्याला माणशीं खर्च आला होता ६६ डॉलर. आपण अपयशी आहों असें म्हणणारे त्यांच्यांत थोडे होते. आपला धीर वाढला आहे असें सांगणारे अधिक होते. नोकरी किंवा घरखर्चाची ऐपत मात्र वाढलेली दिसली नाहीं. त्यांच्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या, आणि नोकरीच्या वाटेवर त्यांच्यापुढें उभ्या असलेल्या इतर अडचणी सहा-आठ बैठकांनीं हलण्यासारख्या नसाव्यात, असा तर्क संशोधकांनीं केला आहे.